खारूचं अडलेलं बोलणं

सोमवारी सकाळी बूट घालताना खारू म्हणाली, "म-म-म-मला लाल मोजे."

आईला हसूच आलं. "काय गं, गाडी चालू होईना का?" असं म्हणत तिने लाल मोजे चढवले आणि दोघी बाहेर पडल्या.

खारू साडेतीन वर्षांची. तोंडाला क्षणाची उसंत नाही, म्हणून घरात खारूताई आणि मग नुसतीच खारू. दोन वर्षांची व्हायच्या आत ती अख्खी वाक्यं बोलत होती. आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "आता दिसतंय का? आणि आता?" विचारता विचारता ती लेकीचे किस्से रंगवून सांगायची.

बुधवारपर्यंत तिचं हसू मावळलं. खारू शब्दाच्या सुरुवातीलाच अडायची. ओठ घट्ट मिटायचे, मान ताठ व्हायची. एकदा तर शब्द सुटावा म्हणून तिने पाय आपटून पाहिला.

"हळू बोल, बाळा. आधी श्वास घे. हं, आता नीट सांग."

खारू श्वास घ्यायची आणि श्वासासकट अडायची.

बाबा छापखान्यात कामाला होता, थंड डोक्याचा माणूस. खारू अडली की तो तिचा शब्द स्वतःच पुरा करून टाकायचा. "पाणी ना? घे." वर बायकोला म्हणायचा, "होईल गं बरं आपोआप."

"तुझं सगळं आपोआपच होतं," ती भडकली. "भांडी आपोआप घासली जातात, कपडे आपोआप वाळतात. मागच्या रविवारपर्यंत पोपटासारखी बोलणारी पोर अशी एका दिवसात अडखळते, याला काही कारण नको?"

फोनवर आत्याने त्यात भर घातली. "कशाला तरी घाबरलीय ती, वहिनी. खोदून खोदून विचार."

मग आईने खोदायला सुरुवात केली. कोणी ओरडलं का? कोणी ढकललं का? कुत्रा अंगावर आला का? खारू उत्तर द्यायला तोंड उघडायची, "न-न-न" करायची, आणि शेवटी आईच्या कुशीत डोकं खुपसून गप्प व्हायची. आईला वाटायचं, पोर काहीतरी लपवतेय. स्वतःचाच राग यायचा, आणि तो निघायचा मात्र नवऱ्यावर, दुधाच्या भांड्यावर, दाराच्या कडीवर.

शुक्रवारी बालवाडीच्या फाटकाशी तिला कारण सापडलं. निदान तिला तसं वाटलं. खारूची मैत्रीण, दोन शेंड्यांची एक लहानशी मुलगी, आपल्या बापाला सांगत होती, "आ-आ-आज मी घ-घ-घर काढलं." बाप प्लंबर होता; हातात हत्यारांची पिशवी घेऊन तो शांतपणे ऐकत उभा होता.

आईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती तडक आत बाईंकडे गेली.

"त्या मुलीचं बोलणं माझी पोरगी उचलतेय. सोमवारपासून दोघींना वेगळं बसवा."

"अहो, असं नसतं," बाई म्हणाल्या. "दोघी वर्षभर एकत्र आहेत."

"मग मी हिला पाठवतच नाही."

बाईंचा नाइलाज झाला. सोमवारी खारू दुसऱ्या टेबलावर बसली. मंगळवारी घरी आली ती एक शब्द न बोलता. पाणी हवं तर माठाकडे बोट, टोपी हवी तर खुंटीकडे बोट. अडखळणं थांबलं होतं खरं, पण बोलणंच थांबलं होतं. आईला आता ते "म-म-म"सुद्धा हवंहवंसं वाटू लागलं.

गुरुवारी दोघांनी कामावरून सुट्टी काढली आणि खारूला वाचातज्ज्ञ बाईंकडे नेलं. पिकल्या केसांच्या त्या बाईंनी खेळण्यांची टोपली पुढे ठेवली आणि आईला म्हणाल्या, "घरी खेळता तसं खेळा. मी नुसती बसते."

आई खेळली. हा कुठला रंग? गाय कशी ओरडते? हे किती आहेत? हे कोणाचं घर? खारू मान हलवत राहिली.

दहा मिनिटांनी बाईंनी कागदावरच्या रेघा मोजल्या. "एकेचाळीस प्रश्न विचारलेत तुम्ही."

आईचे कान तापले. "म्हणजे माझ्यामुळे झालं?"

"नाही. तुमच्यामुळे नाही, भीतीमुळे नाही, मैत्रिणीमुळे तर मुळीच नाही. या वयात बऱ्याच मुलांचं असं अचानक सुरू होतं. बऱ्याच जणांचं जातं, काहींचं राहतं. हिचं काय होईल ते आज मी सांगू शकत नाही, म्हणून दर आठवड्याला हिला आणा. घरी 'हळू बोल', 'श्वास घे' बंद. तुम्ही स्वतः सावकाश बोला. ती बोलेल तेव्हा तिच्याकडे बघा आणि तिचा शब्द तिलाच पुरा करू द्या." हे शेवटचं त्यांनी बाबाकडे बघून सांगितलं.

"एवढंच?" आई म्हणाली. "औषध नाही, तपासणी नाही, नुसतं बघत बसायचं?"

"करून बघा. वाटतं तितकं सोपं नाही."

जिन्यात आईचा संयम सुटला. "सुट्टी काढून आलो आणि हातात काय, तर बघत बसा!" खारूला कडेवर घेऊन बाबा एकेक पायरी उतरत राहिला, आणि त्याच्या त्या थंडपणाचाही तिला संताप आला. पण रस्ताभर एकच वाक्य तिला टोचत होतं. मैत्रिणीमुळे तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी प्लंबरची वाट बघत थांबली.

"माझ्या सांगण्यावरून तुमच्या मुलीला वेगळं बसवलं," ती म्हणाली. "माझं चुकलं. बालवाडीच्या बाईंना मी आत्ताच सांगून आलेय."

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "घरी येऊन विचारत होती मला, माझ्या बोलण्यानं ती आजारी पडली का म्हणून. तीन दिवस झाले. काय सांगायचं मी तिला?"

आईला जागच्या जागी गाडून घ्यावंसं वाटलं.

"माझी माफी मागून काय उपयोग?" तो म्हणाला. "ही बघा, आलीच ती."

आई गुडघ्यावर बसली. "खारू तुझ्यामुळे आजारी नाही पडली. मी उगाचच तुम्हाला लांब बसवलं. माझी चूक झाली."

मुलीने तिला नीट न्याहाळलं. "त-त-त..." आईच्या ओठांवर शब्द तयार होते, तुम्ही, तिला, तर. तिने ते दातांखाली दाबले. बराच वेळ गेला. मागून कोणीतरी सायकलची घंटी वाजवली.

"त-तुमचा च-चष्मा वाकडा आहे."

प्लंबर पहिल्यांदाच हसला. चष्म्याच्या दुकानातल्या बाईने निमूटपणे चष्मा सरळ केला.

खारू पुन्हा बोलू लागली, अडखळतच. काही दिवस सलग तीन-तीन वाक्यं सुरळीत जायची आणि आईच्या आशेला पालवी फुटायची. मग एखाद्या सकाळी "आई" म्हणायलाही पोरीला झगडावं लागायचं आणि आई मोरीत जाऊन नळ सोडून रडून घ्यायची. दर गुरुवारी त्या पिकल्या केसांच्या बाईंकडे जाणं चालू होतं. दोन महिने होऊनही त्या ठाम असं काही सांगत नव्हत्या आणि आईची चिडचिड काही कमी होत नव्हती. फक्त आता ती बाईंशी भांडण्याऐवजी खारूला प्रश्न कमी विचारायची. दहा मिनिटांत नऊ प्रश्नांपर्यंत आली होती.

त्याच सुमारास एका संध्याकाळी जेवताना खारू बालवाडीत हरवलेल्या चपलेची गोष्ट सांगत होती. "आणि मग ती च-च-च-च..."

"चप्पल," बाबा सवयीने म्हणाला.

खारूने चमचा ताटात आपटला. "ब-ब-बाबा! म-मी बोलतेय ना!"

बाबाने जीभ चावली. "चुकलो. बोल तू."

आईने घास तसाच हातात धरून ठेवला. गोष्ट बरीच लांबली. ती चप्पल नव्हतीच, चिमणी होती, आणि ती चपलेत येऊन बसली होती.