बर्फ उपसून केलेली जागा

आमच्या शिकागोत बर्फ पडला की रस्त्यावर खुर्च्या उगवतात. गाडीपुरती जागा ज्याने फावड्याने मोकळी केली, त्याने तिथे मोडकी खुर्ची ठेवायची. बर्फ वितळेपर्यंत जागा त्याची. कायद्यात असलं काही नाही. पण दुसऱ्याची खुर्ची हलवणाऱ्याच्या टायरचं काय होतं, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या मंगळवारी मी चार तास बर्फ उपसला. कंबरेचा पार भुगा झाला, पण इलाज नव्हता. माझा नवरा कॅझिमिर आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो आणि परतताना त्याच्या पायांत त्राण नसतं. दारासमोर गाडी लागली तर ठीक, नाहीतर निसरड्या फुटपाथवरून दोन गल्ल्या चालायचं. गेल्या वर्षी असाच पडला आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं.

मी खुर्ची ठेवली तोच शेजारचे ऑरविल पेटिग्रू बाहेर आले. अर्थशास्त्राचे निवृत्त मास्तर. स्वतःकडे गाडी नाही, पण मत आहे.

"बर्नडेट, रस्ता सगळ्यांच्या कराचा. तुझी एकटीची मालकी कशी?"

"चार तास खपलेय मी!"

"तू बाहेर गेलीस की जागा रिकामी पडणार. आणि दहा जण जागा शोधत गोल गोल फिरणार."

"आणि खुर्ची नसती तर इथला बर्फ कुणी उपसला असता? तुम्ही?"

"हा मुद्दा बिनतोड आहे," ते हसून म्हणाले. "तरी माझा खुर्चीला विरोधच." असा संताप आला मला!

बुधवारी कॅझिमिरला डायलिसिसला घेऊन गेले. तो आत गेल्यावर तिथल्या टीव्हीवर बातमी लागली: आज शहराचे ट्रक रस्त्यावरच्या सगळ्या खुर्च्या उचलणार.

येताना तो डोळे मिटून बसला होता. "जागा असेल ना गं?"

"असेल रे. पड तू गप्प." धडधडीत खोटं बोलले.

गल्लीत वळले. एक खुर्ची दिसेल तर शपथ. खुर्चीऐवजी कुणी ठेवलेल्या बादल्या, इस्त्रीची टेबलं, सगळं साफ, आणि प्रत्येक जागेत गाडी घुसलेली. माझी जागा तेवढी मोकळी, आणि तिच्या मधोमध ऑरविल उभे! हातात थर्मास, नाक लालबुंद.

मी काच खाली केली. "अहो, हे काय?"

"खुर्ची नेली त्यांनी. माणूस उचलायचा हुकूम नव्हता."

"कधीपासून उभे आहात?"

"तीन तास झाले. चौघांनी शिव्या घातल्या. तुझ्या कालच्या बोलण्यापेक्षा सौम्य होत्या."

"आणि तुमचा तो विरोध?"

"आहे की! रस्ता सगळ्यांचाच. त्यातला माझा वाटा आज मी कॅझिमिरला दिला. आता लाव बाई गाडी, पाय बधिर झालेत माझे."

मला रडूच कोसळलं. गाडी लावताना नीट दिसेना, तर तेच हात करून मागे-पुढे सांगत राहिले. मग एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने ते, असं कॅझिमिरला धरून नेलं. दारापर्यंत फक्त नऊ पावलं पडली.