चूलबंद आवतण

पुतळाबाईंनी मिठाची बरणी पुढे ओढली, तिला मोबाइल टेकवून उभा केला आणि परातीतल्या वाफाळत्या उकडीत बोट घालून पाहिलं. मोबाइलमध्ये आयर्लंडमधलं एक स्वयंपाकघर दिसत होतं. तिथेही ओट्यावर परात होती, परातीत तांदळाचं पीठ होतं, आणि सून पिठाकडे परीक्षेतल्या अडलेल्या गणितासारखी पाहत उभी होती.

"आई, पाणी किती?"

"अंदाजानं."

"अंदाजानं म्हणजे? कप सांगा ना. अर्धा, पाऊण?"

"कप चायला अस्तो गो रिद्धी. भाकरीला हात अस्तो."

रिद्धीने हात घातला, गोळा थापला, तव्यावर टाकला. भाकरी एका बाजूने चिरली, मग दुसऱ्या बाजूने चिरली.

"परत चिरली!"

"चिरंल नाय तर काय? पीठ जुना अस्ताय तुमच्याकडचा," पुतळाबाई म्हणाल्या, आणि स्वतःची भाकरी तव्यावर अशी टाकली की मोबाइलला नीट दिसावी. ती फुगली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फुगणाऱ्या भाकरीकडे पाहणं हे नवशिक्यांचं काम.

भूपेश बायको-मुलाला घेऊन कॉर्क नावाच्या गावाला गेला त्याला आता दोन वर्षं होत आली होती. कॉर्क म्हणजे बूच, हे त्याचे वडील हरिचंद्र अंबरनाथच्या कारखान्यात उभा जन्म काढल्यामुळे जाणून होते. मुलगा कुठे असतो असं कुळगावात कोणी विचारलं की ते गंभीरपणे सांगत, "बुचात." विचारणारा पुढे काही विचारत नसे.

गेल्या गेल्या रिद्धीला सगळंच विचारायचं असायचं. समर्थला खोकला झाला, काय देऊ? दूध फाटलं, फेकू का? इथे कचऱ्याचे तीन रंगांचे डबे आहेत, नारळाची करवंटी कशात टाकू? पुतळाबाईंनी आयुष्यात आयर्लंडचा डबा पाहिला नव्हता, पण उत्तर द्यायला त्या कधी अडल्या नाहीत. "हिरव्यात टाक," त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, आणि ते चुकीचं निघालं तेव्हा दोष डब्याच्या रंगाला दिला होता. असे त्या दोन संसार चालवत होत्या, एक कुळगावात आणि एक बुचात.

पुढे प्रश्न गळत गेले. खोकल्याचा गेला, दुधाचा गेला, डबे तर समर्थलाच पाठ झाले. उरली फक्त भाकरी. सून रडकुंडीला आली की पुतळाबाई तोंडाने "अरेरे" म्हणत आणि मनातल्या मनात जमेच्या बाजूला एक नोंद करत. भाकरी चिरते आहे तोवर ही माणसं तिथे रुजली नाहीत. भूपेश दोन वर्षांसाठी म्हणून गेला होता, आणि दोन वर्षं जूनमध्ये भरत होती. वरच्या खोलीला त्यांनी आत्ताच नवा रंग मारून घेतला होता. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये जाऊन तिथल्या मुकेशशेठकडून पडद्याचं कापडही आणलं होतं. "माई, बच्चे आ रहे हैं क्या?" असं मुकेशने विचारल्यावर त्यांनी "आयेंगेच ना" असं सांगून मीटरमागे भाव पाडून घेतला होता.

"काकी! हायस का घरान?"

ओटीवरून रघु आत आला. भावकीतला पुतण्या. बगलेत लग्नपत्रिकांचा गठ्ठा, हातातल्या पिशवीत हळद लावलेल्या अक्षतांच्या पुड्या. त्याच्या मुलीची हळद शनिवारी आणि लग्न रविवारी होतं.

"शनवारी चूलबंद, काकी."

चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांना जेवण. त्या दिवशी त्या घरातली चूल पेटत नाही. पेटली तर बोलावणाऱ्याचा अपमान. आणि आवतण माणसागणिक नाही, चुलीगणिक जातं. भाऊ वेगळे निघाले, दोन चुली झाल्या, की दोन पत्रिका आणि अक्षतांच्या दोन पुड्या. भावकीत कोण एकत्र आणि कोण वेगळा, याची खरी नोंद तलाठ्याकडे नसते, आवतण देणाऱ्याच्या पिशवीत असते.

रघुने एक पुडी काढली आणि दुसरी काढावी की नाही अशा बेताने हात पिशवीतच ठेवला.

"काकी, तुमच्यात चूल एक का दोन?"

"एकच!" बाहेरून हरिचंद्रांचा आवाज आला. ते दारात येऊन उभे राहिले. "आमची चूल एकच हाय. कोनी सांगला तुला दोन?"

"सांगला नाय कोनी. भूपेश तिकरं बिऱ्हाड करून ऱ्हाताय म्हनून इचारला."

"बिऱ्हाड येगला नि चूल येगली," पुतळाबाई म्हणाल्या. "दे एकच."

हरिचंद्र एवढं मोठ्याने बोलले खरे, पण मोबाइलकडे न पाहता. पुतळाबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही, फक्त त्याचं काय करायचं ते त्या वेळी सुचलं नाही. गेल्या आठवड्यात भूपेशचा फोन घेऊन हे शेवग्याच्या झाडापर्यंत चालत गेले होते आणि बऱ्याच वेळाने परत येऊन "रेंज नव्हती" म्हणाले होते. रेंज नसताना माणूस इतका वेळ कोणाशी बोलतो, हेही त्यांनी तेव्हा विचारलं नव्हतं.

मिठाच्या बरणीवरून रिद्धी हसली.

"म्हणजे आई, शनिवारी इथली पण चूल बंद का? एकच आहे ना आपली."

"बंद म्हंजे बंद, वहिनी!" रघु मोबाइलमध्ये डोकावला. "धूर दिसला तर बुचात येऊन जाब इचारीन."

"या ना भाऊजी, खरंच या. तिकीट तुमचं, भाकरी माझी."

"चिरलेली," पुतळाबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

शनिवारी सकाळी हरिचंद्र "मांडवाकडं जाऊन येतू" म्हणून निघाले ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. परत आले तेव्हा सदऱ्याच्या खिशावर पिवळा डाग होता.

"आवो, हलद सांच्याला हाय. तुमी सकालपासूनच लागलाव काय?"

"मांडवान पोरां हायत. कोनाचा तरी हात लागला असंल."

"बराबर खिशालाच?"

हरिचंद्रांनी खाली पाहिलं, खिशावर हात ठेवला आणि उन्हाचा विषय काढला. ऊन होतंच. पुतळाबाईंनी तो डाग तात्पुरता बाजूला ठेवला. काही गोष्टी लगेच वसूल होत नाहीत, त्यांना वेळ द्यावा लागतो.

संध्याकाळी मांडव भरला. शेजारच्या शिरगावच्या नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांमधून लोक वाकून पाहत होते, इतका डीजेचा आवाज. नवरीच्या गालाची हळद आत्यांच्या गालावर, आत्यांची मामींच्या पाठीवर, आणि मामींची, कारण नसताना, आचाऱ्याच्या टोपीवर गेली होती. पुतळाबाई लग्नाचा धवला गाणाऱ्या बायकांत बसल्या, दोन ओव्या खणखणीत म्हटल्या, कोणी कोणती साडी परत फिरवून नेसली आहे ते पाहून घेतलं आणि मग मोबाइल काढून बुचाला लावला. तिथे भरदुपार. आज चूल बंद, म्हणजे बिचारी ब्रेडबिड खाऊन बसली असतील. निदान मांडव तरी दाखवावा.

फोन समर्थने उचलला. क्षणभर फक्त त्याचं नाक दिसलं.

"आजी, थांब हां, मम्मी बिझी आहे. खूप लोक आलेत."

मोबाइल हलत हलत स्वयंपाकघरात गेला. टेबलाभोवती माणसंच माणसं. भूपेश सगळ्यांना पाणी देत होता. एक केरळची नर्स आणि तिचा नवरा, भूपेशच्या कामावरचा एक दाढीवाला पोरगा, आणि मधोमध मॉरीनबाई. मॉरीनबाई म्हणजे खालच्या मजल्यावरची म्हातारी. पहिल्या वर्षी रिद्धीने सुकट भाजली तेव्हा हीच काळजीने वर आली होती, भिंतीत काही मेलंय का विचारायला. आता ती बोटाने ताट पुसत होती, आणि ताटात सुकटच होती.

आणि ओट्यापाशी रिद्धी होती. हाताला कोपरापर्यंत पीठ. तव्यावर भाकरी होती. रिद्धी तिच्याकडे पाहत नव्हती. मागे वळून केरळच्या नर्सशी काहीतरी बोलत होती, आणि भाकरी आपली आपण फुगत होती.

पुतळाबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. हळदीचं बोट काचेला लागलं, ते पदराने पुसलं.

"रिद्धी! चिरली नाय?"

"अय्या, आई!" रिद्धी दचकली. मग तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं हसू आलं. "नाही चिरत आता. बटाटा घालते ना मी."

"काय घालतेस?"

"उकडलेला बटाटा. कुस्करून उकडीत मळायचा. इथे बटाटा छान मिळतो. मागच्या महिन्यात सुचलं."

भाकरीत बटाटा. पुतळाबाईंच्या सासूने हे ऐकलं असतं तर परात उपडी केली असती. त्यांनी तोंड उघडलं, ते मिटलं, आणि मग त्यांच्याही नकळत विचारलं,

"कवढा?"

"अंदाजाने, आई."

डीजे एकदम थांबला, गाणं बदलायला. तेवढ्या शांततेत तो शब्द मांडवात मोठा वाटला.

"मागच्या महिन्यात सुचला, नि परवा परत चिरली कशी?" पुतळाबाईंनी हळूच विचारलं.

रिद्धी तव्याकडे वळली. तिने भाकरी उतरवली, मॉरीनबाईंच्या ताटात ठेवली आणि परत मोबाइलपाशी आली.

"तुम्ही सांगता ते ऐकायला आवडतं मला," ती म्हणाली. "आणि आई, रागावू नका. चूल बंद नाही ठेवली. उलट मीच या सगळ्यांना सांगितलं, आज चूलबंद. कोणी घरी काही करायचं नाही. मॉरीन तर विचारत होती, फ्रिज पण बंद करायचा का?"

चूलबंद आवतण कोण देतं, हे पुतळाबाईंना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी टेबलावरची ताटं नजरेनेच मोजली. मग म्हणाल्या,

"म्हातारीला अजून एक वाढ. पोट नाय भरला तिचा. नि उतरलेली भाकरी फडक्यान ठेव, वाफ धरते."

"ठेवते."

फोन ठेवून त्या उठल्या. रघु जेवणाच्या पंगतीत वाढप्यांवर ओरडत उभा होता. त्याला कोपऱ्यात घेतलं.

"रघु, तुज्या पिशवीन एक पत्रिका नि अक्षतांची पुडी शिल्लक अस्ली तर दे मना."

"कोनाची ऱ्हायली?"

पुतळाबाईंनी पदर सारखा केला. "भूपेशची. त्यांची चूल येगली हाय. पुढच्या टायमाला इचारू नको, दोन धरूनच ये."

रघुने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याला हसू आवरेना.

"काय झाला दात काढायला?"

"काकी, ती पुडी सकालीच नेली काकांनी. बोल्ले, पोराचा काम परमनंट झाला, आता तिकरंच ऱ्हानार. त्याचा आवतन ऱ्हायला नको. नि बोल्ले, काकीला सांगू नको, ती रडंल."

"मी?" पुतळाबाई म्हणाल्या. "मी रडंल?"

पंगतीच्या दुसऱ्या टोकाला हरिचंद्र मटणाचा रस्सा भुरकत होते, डावा हात खिशावर ठेवून. दिवसभरात डाग चांगला वाटीएवढा पसरला होता. आता मांडवात सगळेच पिवळे, त्यामुळे तो कोणाला दिसत नव्हता. पुतळाबाई त्यांच्या समोर जाऊन बसल्या.

"रस्सा बरा झालाय," हरिचंद्र म्हणाले.

"रेंज हाय का आज?" पुतळाबाईंनी विचारलं.

हरिचंद्रांचा घास हातातच राहिला. पुतळाबाईंनी वाढप्याला हाक मारून त्यांच्या ताटात आणखी दोन फोडी टाकायला लावल्या आणि स्वतःच्या पुढ्यात पत्रावळ ओढली.

सकाळी कुळगावातली चूल पुन्हा सुरू झाली. हरिचंद्र चहाला आले तेव्हा गॅसवर चहा नव्हता, पातेलं होतं. त्यांनी झाकण उचललं.

"बटाटा? लग्नाच्या दिशी बटाट्याची भाजी?"

"भाजी नाय. भाकरी."

"बटाट्याची भाकरी? ही कनची रीत?"

"भूपेशच्या घरची," पुतळाबाई म्हणाल्या.

हरिचंद्रांनी झाकण परत ठेवलं. मग आत गेले, खुंटीवरचा कालचा सदरा चाचपला आणि चुरगळलेली एक पुडी घेऊन आले. देवापुढे रघुने दिलेली पहिली पुडी होती, तिच्या शेजारी ठेवली.

"सदरा भिजवू नको," ते म्हणाले. "डाग जायाचा नाय तो."

"मना म्हाईत हाय."

बटाटा शिजला. पुतळाबाईंनी तो सोलून परातीत टाकला, आणि हात तसाच थांबला. मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला होता.

"इचार ना तिला, कवढा टाकायचा," हरिचंद्र म्हणाले.

"तिकरं रात हाय आता. झोपली अस्तील." त्यांनी अर्धा बटाटा बाजूला काढला, त्याच्याकडे पाहिलं, परत टाकला. "अंदाजानं करू."

पहिली भाकरी चिरली.