जुन्या डिस्कवरची आई

"भाजीत मीठ बरोबर आहे ना?" नवऱ्यानं विचारलं आणि बाईंनी पडद्यावरच्या बटणावर बोट ठेवलं, 'अजिबात नाही'. लॅपटॉप गप्प. आत काहीतरी घुर्र झालं, थांबलं, पुन्हा घुर्र झालं. तोवर हात धुऊन आलेला नवरा आरशासमोर गेला आणि म्हणाला, "हा शर्ट शोभतो ना मला?"

"अजिबात नाही!" लॅपटॉप खणखणीत आवाजात म्हणाला.

बिचारा शर्ट बदलून बाहेर गेला. एरवी बाई पोट धरून हसल्या असत्या, पण आता त्यांच्या डोक्यात तिडीकच गेली. हे रोजचंच झालं होतं.

सत्तावीस वर्षं सातवीला गणित शिकवलेल्या बाई त्या. घशाचं ऑपरेशन ठरलं, आवाज जाणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तेव्हा त्यांनी रडारड बाजूला ठेवली, तीन आठवडे खोलीचं दार लावून घेतलं आणि स्वतःच्या आवाजात चौदाशे वाक्यं लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवली. घरातली, दुकानातली, दवाखान्यातली. शाळेतली तर विचारूच नका! 'पाढा म्हण.' 'नुसतं उत्तर नको, रीत दाखव.' 'ज्याला विचारलंय त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी हात खाली.' पडद्यावर बोट लावायचं की वाक्य बाहेर. निदान ठरलं तरी तसं होतं.

पण लॅपटॉप एकच, आणि त्यावर लेकही लोकांच्या समारंभांच्या फिल्मा जोडायचा. त्याला वेग हवा म्हणून त्यानं त्यात एसएसडी नावाची नवी डिस्क बसवली. तिच्यात फिरणारं काही नाही, मागितलं की हजर; जागा मात्र बेताची. जुनी हार्ड डिस्कही आत ठेवली. ती ऐसपैस, पण म्हातारी. तापते म्हणून लेकानं तिची अशी सोय केली, की दहा मिनिटं काम नसलं तर तिनं खुशाल झोपावं. मग कुठे काय ठेवायचं त्याची त्यानं कागदावर यादी केली. नवीवर विंडोज, एडिटिंगचं सॉफ्टवेअर, चालू फिल्म, मागच्या तीन फिल्मा, गेम. जुनीवर फोटो, गाणी, बिलं, आई.

नुसतं 'आई'. तेही बिलांच्या खाली.

बाईंनी पाटी घेतली आणि खडूनं लिहिलं, "मी नवीवर का नाही?"

"अगं आई, तुझ्या फाइली केवढ्याशा! चार-चार सेकंदांच्या. वेग लागतो तो जड गोष्टींना." लेक अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला. बाईंनी लिहिलं, "पण तुझी डिस्क उठायला आठ सेकंद लावते." लिहून मान वर करतात तो लेकाच्या कानांवर हेडफोन चढलेले! पुढे जेव्हा जेव्हा पाटी दाखवली तेव्हा तेव्हा एकच उत्तर, "ही फिल्म जाऊ दे, मग बघतो." तीन फिल्मा गेल्या.

आठ सेकंद म्हणजे किती, हे एकदा घड्याळ लावून बघावं. तेवढ्यात दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. डॉक्टर नवऱ्याकडे बघतात. आणि नवरा तर टपलेलाच! "ती बरी आहे." "तिला नको." "तिला चालेल." माणूस जीव लावणारा, त्यात वाद नाही, पण बायकोच्या वाटचं सगळं बोलून मोकळा व्हायचा. घरात कधी कुणी बाईंना विचारलंच, तर उत्तर येईपर्यंत प्रश्न शिळा झालेला असायचा.

त्या दिवशी दुपारी नवरा घरी परतला, तोच शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन आला, त्याच्या फोनवर. त्यानं स्पीकर लावला.

"सोमवारपासून सातवी ब ला गणिताला कुणी नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "आमच्या बाई येतील का? त्या मशीनवर बोलून शिकवता येईल असं मला वाटतं. आठवडाभर करून बघू."

या फोनची बाई आठ महिने वाट बघत होत्या. त्यांनी 'मी येते' वर बोट दाबलं. घुर्र.

"बाई?" मोठ्या बाईंनी विचारलं.

घुर्र.

"अहो मॅडम, तिला नाही झेपायचं," नवरा म्हणाला. "चाळीस पोरं म्हणजे काय खेळ आहे?"

"हो, तेही खरंच. मग मी संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी विचारते. काळजी घ्या हं." फोन बंद झाला.

"मी येते," लॅपटॉप म्हणाला.

मग नवरा चाचरत म्हणाला, "अगं, पण तू काही बोललीच नाहीस."

बाईंनी पाटी इतक्या जोरात आपटली की कोपऱ्याचा टवका उडाला. नवरा चटकन स्वयंपाकघरात सटकला.

बाईंनी लेकाची यादी काढली आणि त्यावर लाल पेन चालवलं, अगदी वहीवर चालवतात तसं. रीतच चुकली होती कार्ट्याची! कोण किती जड हा प्रश्नच नव्हता. कुणासाठी लोक थांबतात आणि कुणासाठी थांबत नाहीत, एवढंच बघायचं होतं. गाणी थांबतील. फोटो थांबतील. नवीवर जागा कुठे होती, सगळी गच्च भरलेली! त्यांनी देऊन झालेल्या तीन फिल्मा उचलून जुनीवर टाकल्या. मग रागाच्या भरात गेमही टाकला. चौदाशे वाक्यं नवीवर आणली. प्रोग्रामला त्यांचा नवा पत्ता द्यायचा होता. तो दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. त्यांनी 'मी येते' ला नुसता स्पर्श केला.

"मी येते."

बाई दचकल्या. बोट अजून पडद्यावरच होतं.

त्यांनी टेबलावरचा नवऱ्याचा फोन ओढला, मोठ्या बाईंचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"बोला साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मी येते."

"कोण? अगंबाई, तुम्ही!" मोठ्या बाई गडबडल्या. "अहो, पण खरं सांगा, चाळीस मुलं आवरतील का तुम्हाला?"

आवाज ऐकून नवरा लगबगीनं बाहेर आला. "अहो मॅडम, मी सांगतो ना, तिला..." म्हणत त्यानं फोन घ्यायला हात पुढे केला.

"ज्याला विचारलंय त्यानंच बोलायचं," बाईंचा आवाज कडाडला, "बाकीच्यांनी हात खाली."

नवऱ्याचा हात खाली आला. हे वाक्य मोठ्या बाईंनी भिंतीपलीकडून कित्येक वर्षं ऐकलं होतं.

"सोमवारी, साडेदहाला," त्या म्हणाल्या.