मोबाइलवर जळणारी वही

मी एक जुनी शंभरपानी वही आहे. आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी एका मोबाइलवर जळते.

माझी मालकीण इस्पितळात आया होती. सगळे तिला मावशी म्हणत. अक्षरओळख तिला चाळिशीनंतर झाली, तीही लेकीच्या पहिलीच्या पुस्तकातून. एकदा शस्त्रक्रियेसाठी उकळून ठेवलेली हत्यारं तिला ओली दिसली. तिने घरून धुऊन आणलेल्या फडक्याने ती मायेने पुसली. मोठ्या सिस्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो मावशी, 'क्लीन' वेगळं नि 'स्टेराइल' वेगळं! आता सगळं परत उकळा." रुग्ण तासभर ताटकळला.

त्याच संध्याकाळी तिने मला विकत आणलं. पानाच्या मधोमध रेघ ओढली आणि लिहिलं : 'क्लीन' म्हणजे डोळ्याला स्वच्छ. 'स्टेराइल' म्हणजे एक जंतूही नाही, नुसता हात लागला तरी संपलं.

मग रोज नवी जोडी. 'हिअर' म्हणजे कानावर पडतं, 'लिसन' म्हणजे आपण कान देतो. 'हील' म्हणजे जखम भरून येते, 'क्युअर' म्हणजे औषध रोग घालवतं. नव्या नर्स मला मागून नेत. मी तोऱ्यात असे.

लेक नर्सिंगला गेली आणि घरात मोबाइल आला. तो सदा तिच्या तळहातावर, आणि मी? टेबल डुगडुगतं म्हणून त्याच्या पायाखाली! पानं दबली आणि मी त्याच्यावर जळायला लागले.

तोंडी परीक्षेच्या सकाळी लेक शब्दांचे अर्थ त्यालाच विचारत होती. नापास झाली तर वर्ष वाया. 'हील' आणि 'क्युअर' दोन्हींचा अर्थ त्याने 'बरे करणे' एवढाच सांगितला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. होऊ दे नापास, म्हणजे माझी किंमत कळेल, असंही मनात आलं. इतकी जळत होते मी.

"अगं, माझी वही बघ की," मावशी म्हणाली.

"तुझ्या वहीवर टेबल उभं आहे, आई. राहू दे तिला नोकरीत."

दुपारी ती दारातूनच ओरडली, "आई, पास!"

"काय विचारलं गं?"

"'अलोन' आणि 'लोन्ली'. मोबाइल बाहेर ठेवलेला, डोकं रिकामं. मग म्हटलं, आई काय लिहील? 'अलोन' म्हणजे खोलीत दुसरं कोणी नाही. आणि सगळं गणगोत पलंगाभोवती गप्पा मारतंय, तरी जो भिंतीकडे तोंड करून पडलाय, तो 'लोन्ली'."

"मग बाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, अशा रुग्णाचं काय कराल? म्हटलं, खुर्ची ओढून जवळ बसेन."

मावशीने पदर डोळ्यांना लावला. लेकीने मला बाहेर काढलं, झटकलं आणि रेघ ओढून ती जोडी लिहायला घेतली. अर्ध्यात मोबाइल वाजला. तिने पाहिलंही नाही. मला मात्र सकाळचं माझं मन आठवलं आणि लाज वाटली.

मित्रांनो, मोबाइल खुशाल वापरा. मी थोडी जळेन, ते चालायचंच. पण कुणी कष्टाने लिहिलेली वही घरात असेल, तर तिला नुसती जपून ठेवू नका. तिच्यात आपल्या हाताने एक तरी ओळ लिहा.