अठरा सेकंदांची जुडी

कामोथोने साहेबांच्या पाठीमागून बायकांना डोळा मारला आणि हळूच तीन बोटं वर केली. तीन नवी माणसं तरी नक्की!

केनियातल्या नैवाशाच्या त्या गुलाबांच्या शेडमध्ये बेचाळीस बायका जुड्या बांधायच्या. कामोथो त्यांचा मुकादम. महिन्यापूर्वी नैरोबीहून अवूर नावाची पोरगी वेळ मोजायला आली, तेव्हा त्यानेच कानमंत्र दिला होता. "बायांनो, घड्याळ दिसलं की हात गोगलगायीचे. कॉम्प्युटरला वाटलं पाहिजे, माणसं कमी पडतायत."

अठरा सेकंदांची जुडी बावन्नवर गेली. बायका हसू दाबून दाबून दमल्या होत्या.

आज तीच शेड अवूरने कॉम्प्युटरच्या पडद्यावर उभी केली होती. माणसांचे ठिपके, सरकणाऱ्या जुड्या, टेबलांपुढे साचलेली लालभडक रांग.

"या वेगाने फेब्रुवारीची मागणी भागवायची तर एकशे एकवीस माणसं लागतील," अवूर म्हणाली.

कामोथोने शिट्टी मारली. मागे टाळ्या पडल्या.

"आणि बांधायचं यंत्र आणलं तर?" मालक मुइगाईसाहेबांनी विचारलं.

तिने बटण दाबलं. "नऊ माणसं."

टाळ्या हवेतच राहिल्या.

"मग यंत्रच आणू," साहेब म्हणाले. "एवढा जथा कोण पोसणार?"

गथोनी, शेडमधली सगळ्यांत जुनी बाई, कामोथोकडे बघत राहिली. नुसती बघत राहिली.

"अवूरबाई, घड्याळ लावा परत," तो म्हणाला आणि टेबलावरचे वीस गुलाब ओढून बांधायला बसला. बोटं ऐकेनात. रबर दोनदा निसटलं.

"चौतीस."

"सरक रे मुकादमा!" गथोनीने त्याला कोपराने ढकललं. "दहा वर्षं नुसता फिरतोयस." तिने दुसरे वीस गुलाब ओढले आणि जुडी बांधून ठेवली.

"अठरा," अवूर म्हणाली. तिने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

"मग तेव्हा बावन्न कसे?" साहेबांचा आवाज चढला.

कामोथोने शाळेतल्यासारखा हात वर केला.

अवूरने आकडा बदलला. पडद्यावरची लाल रांग विरघळली. "आहेत तेवढ्या बेचाळीस पुरतात. यंत्र महाग पडेल."

मागे कुणीतरी हुंदका गिळला.

"आणि या दीडशहाण्याला कशाला पोसतोय मी?" साहेब म्हणाले.

"काढून बघा की!" कामोथोच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "मुकादम शून्य करा बाई. अर्ध्या तासात शेड ठप्प झाली नाही तर नाव बदलीन."

अवूरने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि शून्य टाकलं.

कोपऱ्यातला एक ठिपका गेला. जुड्या सरकत राहिल्या. पडद्यावर अर्धा तास झाला, तास झाला, दिवस संपला. कामोथो पुढे वाकून बघत होता, एखादी जुडी तरी कुठे अडेल म्हणून.