टाकीच्या टोपणावरचा शेंदूर

पाखऱ्या आणि हरण्या हे दोन बैल शनिवारच्या चाकणच्या बाजारात विकायला जाणार, असा निरोप कुरुळीहून आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुर्गाबाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तू शिकलेला हायस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो, मावशी."

"मंग त्या गाडीचा वास घालव. मला कुरुळीला जायाचंय."

मी पिंपरीत त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. नव्या औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, मला नोकरी लागली होती. कारखाना ज्या जमिनीवर उभा राहिला तिच्यात या घराचंही एक शेत होतं. शेत गेल्यावर बैलांना काम उरलं नाही. दुर्गाबाईंचे चिरंजीव सोपानराव यांनी जोडी कुरुळीच्या भिमाजींना दिली आणि खडकीच्या एका साहेबाकडून लढाईच्या आधीची एक हिरवी मोटार घेतली. बैल दारातून निघाले त्या दिवशी दुर्गाबाई जेवल्या नाहीत. तेव्हा सोपानरावांनी त्यांना शब्द दिला होता, "आये, तू म्हणशील तवा गाडीत घालून तुला कुरुळीला नेईन."

दसऱ्याला त्या निघाल्या होत्या. बैलांना सोनं द्यायचं म्हणून ओच्यात आपट्याची पानं घेतली होती. पण गाडीत पेट्रोलचा असा वास कोंडला की भोसरी येईपर्यंत त्यांना दोनदा उलटी झाली, आणि भोसरीच्या पुढे गाडीच बंद पडली. अर्ध्या तासाने ती आपोआप चालू झाली, पण दुर्गाबाई म्हणाल्या, "माघारी फिरव." गुडघ्यांमुळे त्यांना एसटीची पायरी चढता येत नव्हती. बैलगाडी बैलांबरोबरच गेली होती. त्यानंतर त्यांनी कुरुळीचं नाव काढलं नव्हतं, आजपर्यंत.

मला मोटारीतलं काही कळत नव्हतं. पण पेट्रोल कळत होतं. ते उडतं, कसं उडतं, किती उन्हात किती उडतं, हे मी औरंगाबादच्या कॉलेजात शिकलो होतो. मी म्हणालो, "बघतो."

सोपानराव अंगणात गाडीपाशीच होते. मी बॉनेट उघडायला सांगितलं.

"खडकीच्या मिस्त्रीला दावली की. त्यानं ह्यो भाग बदलला," सोपानराव इंजिनाच्या बाजूच्या एका भांड्याकडे बोट दाखवून म्हणाले. तो कार्ब्युरेटर होता. पेट्रोल आणि हवा त्यात मिसळून इंजिनात जातात. "तरीबी वास हायेच. शेवटी म्हणाला, गाडी म्हातारी झालीया, म्हातारीला वास यायचाच."

"मला येतो का रं वास?" ओसरीवरून दुर्गाबाई म्हणाल्या.

"तुझं न्हाई म्हणत, आये."

"सोपानराव, आधी ती विडी विझवा," मी म्हणालो.

कार्ब्युरेटर बाहेरून ओला होता. खालच्या पत्र्यावर थेंब पडून डाग पडला होता. मिस्त्रीचं चुकलं नव्हतं. पेट्रोल गळत होतं ते इथूनच. पण गाडी आज सकाळपासून जागची हलली नव्हती, इंजिन सुरूही झालं नव्हतं. पेट्रोलची टाकी गाडीच्या मागच्या बाजूला, कार्ब्युरेटरपेक्षा खाली. तिथून लांब नळी पुढे येते आणि इंजिन फिरलं तरच पंप पेट्रोल ओढतो. मग इंजिन बंद असताना ते वर कोण ढकलत होतं?

"वास कधी जास्त येतो?" मी विचारलं.

"कवाबी येतो."

"सकाळी?"

"सकाळी... आता तुमी म्हणताय तर, सकाळी न्हाई येत जास्त."

"दसऱ्याला किती वाजता निघालात?"

"दुपारची जेवणं उरकून."

"आणि पावसाळ्यात यायचा?"

"छे. पावसाळ्यात तर ही सोन्यासारखी होती."

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. उजाडल्याबरोबर मी बॉनेट उघडलं. कार्ब्युरेटर कोरडा खडखडीत होता. वास नव्हता म्हणायला हरकत नाही. गाडी रात्रभर जागीच होती. दहाच्या सुमारास ऊन मागच्या पत्र्यावर आलं, ऑक्टोबरचं, पाठ भाजणारं. अकराला मी पुन्हा पाहिलं. भांड्याच्या कडेला एक थेंब जमला होता. माझ्या देखत तो पडला, आणि दुसरा जमू लागला.

ढकलणारं ऊन होतं. टाकीतलं पेट्रोल तापून त्याची वाफ होत होती. वाफेला बाहेर वाट हवी, ती नव्हती. म्हणून ती खालचं पेट्रोल नळीतून पुढे रेटत होती. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी हेच बजावतात, बूच लावलेली बाटली तापवू नका. आणि भोसरीपुढे गाडी बंद पडली त्याचंही उत्तर यातच होतं. ऊन कमी झालं, पेट्रोल खर्च होत गेलं, की टाकीत पोकळी होणार. बाहेरची हवा आत शिरली नाही तर पंपाला पेट्रोल ओढवणार नाही. उभ्या गाडीत टाकीत वाफ पुन्हा भरली, की गाडी आपोआप चालू. दोन तक्रारी होत्या आणि कारण एकच. मला इतका आनंद झाला की मी अंगणात एकटाच हसलो.

मग मी मागे जाऊन टाकीच्या टोपणाला हात घातला. ते फिरवलं तशी टाकीने मोठा सुस्कारा टाकला.

टोपण मी आधीही पाहिलं होतं. त्यावर शेंदूर होता. तेलात कालवलेला, थरावर थर चढून खरपुडी झालेला, वर हळदीची बोटं. पूजेचं आहे म्हणून मी त्याला हात लावला नव्हता. लावला असता तर कालच कळलं असतं. अशा टोपणाला मध्ये सुईच्या जाडीचं एक भोक असतं, टाकीला श्वास घेण्यासाठी. मी नखाने शेंदूर जरासा खरवडून पाहिला. भोक होतं, आणि ते पार लिंपलेलं होतं.

तोवर सोपानराव बाहेर आले होते. त्यांनी खाली मान घातली. "आयेनं लावलाय. पोळ्याला."

"तुम्ही पुसला नाहीत?"

"कसा पुसू, उद्धवराव? पोळ्याला दावणीला काई नव्हतं. पुरणपोळ्या केल्या आन् घास कुणाला द्यायचा म्हणून आये रडाया बसली. मग उठली, शेंदूर कालवला, गाडीभवती फिरली. हिला शिंगं न्हाईत, खांदा न्हाई. शेवटी म्हणाली, हितून पेतंया न्हवं, मग हेच त्याचं तोंड. तवापासनं दर सोमवारी लावती."

आमच्याकडे बीडला पोळा श्रावणात असतो, इथल्यासारखा भाद्रपदात नाही. त्या दिवशी मी दुसऱ्या पाळीला होतो आणि घरची जोडी कुणी सजवली असेल याचा विचार करत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो. मी टोपण तसंच हातात धरून राहिलो. दुर्गाबाईंना कसं सांगावं हे सुचेना. पण त्या केव्हाच ओसरी उतरून, गुडघ्यांवर हात ठेवत, आमच्यामागे येऊन उभ्या होत्या.

"घावलं का?" त्यांनी विचारलं.

मी टोपण त्यांच्या हातात दिलं. "मावशी, याला इथे मध्ये एक बारीक भोक असतं. त्यातून वारा आत-बाहेर होतो. ते..."

"ते म्या बुजवलं."

"हो."

त्यांनी टोपण उलटं-सुलटं केलं. "म्हंजी म्या त्याची नाकपुडीच बुजवली म्हण की."

"तसंच."

"आन् ह्यो महिनाभर गप बसला? बैल आसता तर शिंग मारलं आसतं."

सोपानराव हसले. दुर्गाबाई हसल्या नाहीत. मी पेट्रोलमध्ये फडकं भिजवून शेंदूर पुसायला घेतला, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "माजं हाय. मीच काढीन." अंगणात बसून त्यांनी टोपण तांब्याच्या भांड्यासारखं घासलं. लाल ओघळ त्यांच्या मनगटांवरून कोपरांपर्यंत आले. भोकातला शेंदूर निघेना तेव्हा कुंपणाच्या बाभळीचा काटा मोडून आणला आणि तो हळूहळू आत फिरवला. मग टोपण तोंडाशी धरून त्यांनी फुंकर मारली आणि पलीकडे तळहात धरला.

"वारं येतंया," त्या म्हणाल्या.

टोपण बसवून मी गाडी दोन तास भर उन्हात ठेवायला लावली. सोपानराव कुरकुरले, "आता तरी निघू की." पण मला खात्री करायची होती. दोन तासांनी कार्ब्युरेटर कोरडा होता. तोवर दुर्गाबाई लुगडं बदलून पुढच्या सीटवर बसूनही राहिल्या होत्या. मांडीवर फडक्यात पुरणपोळ्या होत्या.

मी मागे बसलो. गाडी भोसरीकडे निघाली.

"उद्धवा," रस्त्याकडे पाहतच त्यांनी विचारलं, "आमच्या शेतात, मोटंच्या इहिरीपाशी काय बांधलंय आता?"

"तिथे काचेची भांडी धुतात, मावशी. औषधाची."

"धुवू दे. पाणी गोड हाय तिथलं."

भोसरी गेली. जिथे दसऱ्याला गाडी बंद पडली होती तिथे त्यांनी दाराची कडी घट्ट धरली. गाडी त्या जागेवरून तशीच पुढे गेली. मोशी आली, इंद्रायणी ओलांडली.

"वास नाही ना?" मी विचारलं.

"न्हाई. आता नुसती गाडी हाय."

कुरुळीला भिमाजी वाटेवरच सामोरे आले. "या आक्का, या. चा टाकायला सांगतो."

"चा मागनं. कुठं हायती?"

गोठा घराच्या बाजूला होता. दोन्ही बैल बाहेर खुंट्यांना बांधले होते. हरण्या बसला होता. पाखऱ्या उभा, हाडं जराशी वर आलेली. पोळ्याचा रंग शिंगांवर अजून थोडा राहिला होता.

"निळा दिलाय," दुर्गाबाई म्हणाल्या. "आमी तांबडा हिंगूळ लावायचो."

"पोरांनी दिला, आक्का."

"चांगला हाय."

त्या पुढे झाल्या. "पाखऱ्या," त्यांनी हाक मारली. बैलाचे कान फिरले. त्याने मान वळवली, दावं ओढत दोन पावलं त्यांच्याकडे आला आणि मुस्कट पुढे केलं. दुर्गाबाईंनी हात पुढे धरला. पाखऱ्याने तो हुंगला आणि एकदम जोरात फुरफुरून मागे सरला, दावं ताणेपर्यंत मागे. हरण्याही धडपडत उठून उभा राहिला. दुर्गाबाई पुन्हा पुढे झाल्या, तसं पाखऱ्याने डोकं पार पलीकडे वळवलं.

मग भिमाजी म्हणाले, "जनावर हाय, आक्का. इसरतं."

"ह्यो न्हाई इसरायचा."

"शेतावरचं काम कमी झालं तवापासनं बिचकतो बी जरा."

दुर्गाबाईंनी आपला हात नाकाशी नेला. मग माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा कळलं. गाडीतला वास मी काढला होता, तो त्यांच्या हातांवर बसला होता. फडकं मी त्यांना घेऊ दिलं आणि पुढे काय हे माझ्या ध्यानात आलं नाही.

"मावशी, पेट्रोल आहे ते," मी म्हणालो. "माती लावून धुवा. मग उन्हात धरा. उडून जाईल."

"उडंल?"

"उडेल. उडणारंच असतं ते."

हौदाशी बसून त्यांनी ओली माती कोपरांपर्यंत चोळली, धुतली, पुन्हा चोळली. मग पाखऱ्याच्या समोर, दावं पोचेल एवढ्या अंतरावर, जमिनीवर बसल्या आणि दोन्ही तळहात उन्हात पसरून धरले. ऊन कलायला लागलं होतं. सोपानराव माझ्या कानाशी म्हणाले, "उद्या पहाटं ह्ये बाजाराला निघणार. ह्यानं वळखलं न्हाई तर आये परत जायला उठायची न्हाई."

भिमाजींनी चहा आणला, तो निवला. सावली सरकली तशा दुर्गाबाई उन्हाबरोबर सरकल्या. हात खाली घेतले नाहीत.

"बघ रं उद्धवा, उडाला का?"

मी वाकून त्यांच्या तळहातांचा वास घेतला. माती होती, गोठा होता, आणि सगळ्याच्या तळाशी अजून एक बारीकशी धार होती.

"थोडा आहे," मी म्हणालो. "कातडीच्या तेलात मुरतो तो. जाईल."

"आसू दे. मी बसलीया." त्यांनी हात उलटे केले आणि त्यांची पाठ उन्हाला धरली. मग पुन्हा तळहात. बैलाशी त्या काही बोलत नव्हत्या. फडक्यातली पुरणपोळी बाजूला तशीच होती. आधी हात, मग घास, असं त्यांच्या मनात असावं.

पाखऱ्या दाव्याच्या टोकाला, तिकडे तोंड करून रवंथ करत होता. मग त्याचं रवंथ थांबलं. कान मागे आला, नुसता एक, डावा. त्याने मान वळवली आणि बराच वेळ पाहत राहिला. दुर्गाबाई हलल्या नाहीत.

खुंट्याजवळ एवढा वेळ तारेसारखं ताणलेलं दावं जरासं सैल पडलं, आणि त्याचा मधला भाग जमिनीला टेकला.