पोटावरचा अंगठा

"हिला राहू द्यायचं का अजून? की ती पलीकडची आधी घ्यायची?" ओल्या फडक्यात गुंडाळलेला मासा पुढे करत काकूने विचारलं.

त्याने माशाच्या पोटावरून अंगठा फिरवला, डोळे मिटले, मान डोलावली. "राहू दे. चहा होईपर्यंत पिकेल. ती पलीकडची आण."

काकू म्हणजे त्याची बायको; पण मत्स्यबीज केंद्रावर ती सगळ्यांचीच काकू. तिने हातातली मादी हौदात सोडली, पलीकडची चांगली मांडीएवढी मादी उचलून त्याच्या कुशीत दिली, कोरड्या फडक्याने तिचं पोट पुसलं आणि कोरडी परात खाली धरली. इथे सगळं कोरडं लागतं. पाण्याचा एक थेंब आधी पडला की अंड्याचं तोंड मिटतं, मग नराचं दूध, म्हणजे त्याचं रेत, वरून कितीही ओता. त्याने अंगठा पोटावरून शेपटीकडे नेला आणि पिवळसर अंड्यांची धार लागली. नराचं दूध वर पिळलं, काकूने पिसाने हलवलं, मग पाणी.

"बघितलंस? मागायची खोटी," तो म्हणाला.

केंद्रावर त्याला सुईण म्हणत. म्हणणाऱ्यांनी चेष्टेने सुरुवात केली होती. याने पदवी समजून स्वीकारली. नवं कोणी आलं की स्वतःच सांगायचा, "मी इथली सुईण. पोट बघून वेळ सांगतो." आणि खरंच सांगायचा. त्याने सांगितलं आणि मासा अडला, असं केंद्रात कोणाला आठवत नव्हतं.

हौदातल्या माशांची एक गोष्ट असते. खाणं वेळेवर, पाणी सांभाळलेलं, मग पोट अंड्यांनी भरतं; पण सोडायची वेळ आली की घोडं अडतं. अंडी सोडायला माशाला चढतं, वाहतं पाणी लागतं, मागे लागलेले नर लागतात. हौदात यातलं काही नाही. तिथे मादी पोट घेऊन नुसती येरझारा घालते आणि शेवटी अंडी आतल्या आत जिरून जातात. म्हणून इंजेक्शन द्यायचं. ते दिलं की हौदातली मादी ठरल्या वेळेला पिकते. पण सारखी त्याच हौदांतली सोयरीक चालल्यामुळे केंद्रातली पिल्लं दरवर्षी कमजोर निघू लागली होती. बोटाएवढी होईतो निम्मी वाकड्या कण्याची. बाहेरचं रक्त आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

ते रक्त काल आलं होतं. जाळेवाल्याने नदीतून दोन माद्या आणून दिल्या आणि सांगितलं, "पाणी उतरलं. आता यंदा मिळायच्या नाहीत. या दोघींवरच काय ते भागवा."

सकाळी मॅडमनी दोघींना इंजेक्शन दिलं. मॅडम केंद्राच्या प्रमुख. बोलायला कमी, हाताला हलक्या. दुपार होता होता त्या आणि जाळेवाला दोघेही टेबलाशी येऊन उभे राहिले, आणि सुईणबुवांना चेव चढला. पहिली मादी त्याने स्वतःच हौदातून काढली.

"थांबू या का थोडं?" काकू म्हणाली. "मला पोट घट्ट वाटतंय."

"तुझ्या हातात परात असते. तिथून तुला पोट कसं कळतं?"

जाळेवाला हसला. काकू हसली नाही. "तिने अजून एकदाही अंग सैल सोडलेलं नाही, एवढंच म्हणते," ती म्हणाली.

"रानातली आहे, नखरे करणारच. धर परात."

त्याने अंगठा टेकला, नेला. काहीच आलं नाही. त्याने पुन्हा नेला, जरा जोर लावून. परातीत अंड्यांची एक गुठळी पडली, आणि तिच्यामागे रक्त.

"सोडा तिला," मॅडम म्हणाल्या.

सोडली. मादी पाण्यात एका कुशीवर झाली, कल्ले दोन-तीनदा उघडले, मग थांबले ते थांबलेच. जाळेवाला टोपी चाचपत बाहेर निघून गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि तेही चार माणसांदेखत.

"ती अंडी धरून ठेवते मॅडम, नदीतली अशीच असते," तो म्हणाला.

"धरून ठेवते, खरं आहे. घाबरली की तिची वेळ पुढे जाते. म्हणूनच थांबायचं होतं." मॅडमचा आवाज चढला नाही, चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "दुसरीचं काय करायचं ते जेवून ठरवू. आता चूक परवडायची नाही, काका."

पंपाच्या खोलीमागे सावलीत दोघं डबा उघडून बसली. त्याने भाकरीला हात लावला नाही.

"कधीपासून?" काकूने विचारलं.

"काय कधीपासून?"

"अंगठा."

त्याने हात मांडीखाली घातला. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढ्या एका आधारावर त्याने बरेच महिने काढले होते. डॉक्टरांनी साखरेचं सांगितलं होतं, नसांचंही सांगितलं होतं. घरी त्याने साखरेपुरतंच सांगितलं. बोटांवर कायमचे मोजे चढवल्यासारखं झालं होतं. मऊ आणि कडक, दोन्ही सारखंच लागायचं. तरी हा हंगाम पार पडत आला होता, तेव्हा त्याला वाटलं होतं, अंगठा गेला तरी आपला अंदाज शाबूत आहे. खरा मुरलेला माणूस अंगठ्यावर थोडाच अवलंबून असतो.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? शर्टाची बटणं हल्ली खाली बघून लावता. परवा गरम तव्यावर बोट ठेवलंत आणि माझ्याशी बोलत राहिलात."

"पण मासे तर चुकले नाहीत," तो हट्टाने म्हणाला. "आज सकाळचीच बघ. बरोबर सांगितलं की नाही? एक तर राहू दिली—"

बोलता बोलता तो थांबला. सकाळी विचारलं होतं कोणी, ते त्याला आठवलं. राहू द्यायचं का? हिला घ्यायचं का? ही झालीय ना हो? सगळा हंगाम ती विचारत होती, आणि तो डोळे मिटून तिचाच प्रश्न तिला उत्तर म्हणून परत देत होता. फडक्यात गुंडाळताना पोट आधी तिच्या हाताला लागत होतं.

"म्हणजे हा सगळा हंगाम तू चालवलास."

"चालवला कसला. संसार चालतो तसा चालला."

त्याला राग आला. भयंकर आला. बायकोने फसवलं म्हणून आला, सांभाळून घेतलं म्हणून त्याहून जास्त. "सांगायचं होतंस तोंडावर," तो म्हणाला.

"आज चारचौघांत सांगितलं तर काय म्हणालात?"

त्याने भाकरी मोडली आणि खाल्ली, कारण रिकाम्या पोटी केलेलं काम त्याला कधी जमलं नव्हतं, आणि काम अजून उरलं होतं.

हात धुऊन तो सरळ मॅडमच्या खोलीत गेला. दारातच त्याचा नेहमीचा आवाज परत आला. शरमेची गोष्टसुद्धा हा माणूस हुकूम दिल्यासारखी सांगायचा.

"मॅडम, माझा अंगठा गेला. बरेच दिवस झाले. मी लपवलं, ती मादी त्यापायी गेली. दुसरीला मी हात लावणार नाही. काकू करेल."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काकूंनी कधी पिळलंय?"

"पिळलं नाही. वेळ मात्र हंगामभर तिनेच सांगितली, माझ्या तोंडून. त्याच वेळेवर तुमची सगळी पिल्लं निघाली. आणि दुसरं, त्या मादीला आत्ता कोणी काढू नका. गोल टाकीत सोडा, पाणी फिरतं ठेवा, वरून ताडपत्री टाका. नर सोबत द्या. तिला वाटू दे नदीच आहे."

"आणि वेळ निघून गेली तर? आत सुटलेली अंडी फार वेळ टिकत नाहीत."

"म्हणून तर हात लागतो. माझा नाही."

मॅडम उठून स्वतःच ताडपत्री शोधायला निघाल्या.

उन्हं कलेपर्यंत काकू टाकीशी बसून होती. अधूनमधून ताडपत्रीखाली हात घालायची, पाण्यात नुसता धरून ठेवायची, परत घ्यायची. तो लांब उभा होता. जवळ गेलो तर तोंडातून काहीतरी निघेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मॅडमनी दोनदा येऊन विचारलं, काकूने दोनदा मान हलवली. नर मादीच्या बगलेला घासू लागला तेव्हाही तिने घाई केली नाही. मग एकदा तिने हात बाहेर काढला नाही. पाठमोरीच म्हणाली, "आता."

मादी टेबलावर आली. कुशीत घ्यायला काकू उभी राहिली, आणि समोरच्या जागी, जिथे इतकी वर्षं ती उभी असायची, तिथे तो परात घेऊन उभा राहिला. हात दोनदा पुसले. सूचना करायची नाही, असं स्वतःला बजावलं आणि ओठ मिटून घेतले.

काकूचा अंगठा पोटावर टेकला. तिला दाबावंही लागलं नाही. धार लागली, सरळ, न तुटता, स्वच्छ पिवळी, आणि परातीचा तळ बघता बघता झाकला गेला. नदीतली मादी अंग सैल सोडून काकूच्या हातात पडून होती.

त्याच्या बोटांना काही कळत नव्हतं, अंडी नाही की परातीची कड नाही. पण वजन कळत होतं. ते मनगटात आलं, कोपरात आलं. हात लांब धरायचे, माशाला लागू द्यायचे नाहीत, हलू द्यायचे नाहीत. त्याचे खांदे भरून आले आणि धार अजून चालूच होती.

"अगं, ही परात फार जड होते," तो हळूच म्हणाला.

"होते."

"कधी बोलली नाहीस ते."

"तुम्ही कधी धरली होतीत?" काकू म्हणाली. "सरळ धरा. अजून आहेत."

त्याने परात सरळ धरली.